पोट साफ होत नाही की शी थांबत नाही? पेल्विक फ्लोअरचा त्रास असलेल्या बायकांनी कुठून सुरुवात करायची

तुम्हाला नुकतंच कुणीतरी सांगितलंय की रेक्टोसील आहे (म्हणजे गुदाशयाचा फुगवटा योनीमार्गात आलाय), किंवा अंग खाली आलंय, किंवा बाळंतपणात खालचे स्नायू फाटलेत, आणि त्यासोबत संडासचे जे प्रकार चालू आहेत त्याबद्दल कोणी धड काही बोलत नाहीये, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. लघवी गळते हे बायका निदान एकमेकींच्या कानात सांगतात तरी, पण कपड्याला शी लागते किंवा बोटाने दाबल्याशिवाय पोट साफ होत नाही हे सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. मी या चकरा मारून झालेय, म्हणून कुठलं काम कुठल्या क्रमाने करायचं तेवढं लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे डोस इथे मिळणार नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. यात दोन प्रकारचे त्रास असतात, एक म्हणजे बाहेर पडत नाही आणि दुसरा म्हणजे आत थांबत नाही, आणि दोघांचे इलाज एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्यात स्नायू सैल सोडायला शिकायचं असतं, दुसऱ्यात आवळायला. त्यामुळे "पेल्विक फ्लोअर ना, मग कीगल कर" (कीगल म्हणजे खालचे स्नायू आवळायचे व्यायाम) असं कुणीही म्हणालं तरी लगेच सुरू करू नका. बऱ्याच जणींना तर दोन्ही एकदम असतं.

१. आधी ही यादी वाचा

यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय, व्यायाम, पुढे सांगितलेली वही सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा:

- शीतून रक्त पडतंय (मूळव्याध असेल म्हणून स्वतःच ठरवून टाकू नका)
- कारण नसताना वजन उतरतंय किंवा रक्त कमी झालंय
- वर्षानुवर्षांची सवय अचानक बदललीय, आणि वय पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे आहे
- जवळच्या नात्यात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय
- झोपेतून उठून जुलाब होतायत

आणि दोन गोष्टींसाठी तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, तडक इमर्जन्सीत जायचं. एक, मांड्यांच्या मधली जागा बधिर झालीय आणि त्याच वेळी लघवी-संडासचा कंट्रोल गेलाय किंवा लघवी अडकलीय, हा मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्याचा प्रकार असू शकतो. दोन, पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि शी तर सोडाच पण गॅसही सरत नाहीये.

२. आत नक्की काय होतं, थोडक्यात

ओटीपोटाच्या तळाला स्नायूंचा एक थर असतो, हाच पेल्विक फ्लोअर, त्याच्यावर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिघं टेकलेले असतात. त्यातला एक स्नायू पुढच्या हाडापासून निघून गुदाशयाच्या मागून वळसा घालून परत पुढे येतो, नळीला मागून दोरीचा फास टाकून पुढे ओढून धरावं तसा. एरवी तो आवळलेला असतो म्हणून तिथे नळीला बाक येतो आणि शी आत राहते. संडासला बसल्यावर तो सैल पडायला हवा, मग बाक उघडतो आणि फार जोर न लावता काम होतं.

त्याच्या खाली गुदद्वाराला गोल स्नायूंच्या दोन कड्या असतात. आतली कडी आपल्या मर्जीशिवाय सतत बंद असते, बाहेरची आपण मुद्दाम आवळतो. बाळंतपणात फाटतं ते बहुतेक पुढच्या बाजूला, म्हणजे योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्या मधे, आणि बायकांमध्ये बाहेरची कडी त्याच बाजूला मुळात आखूड असते. चिमटे लावून झालेली डिलिव्हरी, मोठं बाळ, खूप वेळ जोर लावावा लागणं यात स्नायू आणि नसा दोन्ही ताणल्या जातात. पण त्रास तेव्हाच सुरू होईल असं नाही हं, बरेचदा बाळंतपणानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, पाळी गेल्यावर डोकं वर काढतो आणि तोवर कुणाला बाळंतपण आठवतही नाही. वर्षानुवर्षं कुंथणं, जुनाट खोकला, वाढलेलं वजन, यांनीही तोच थर खाली जातो. मूल न झालेल्या बायकांनाही हे होतं.

रेक्टोसील म्हणजे गुदाशय आणि योनीमार्ग यांच्या मधली भिंत ढिली पडून गुदाशयाचा फुगवटा योनीमार्गात येतो. मग जोर लावला की शी खाली जायच्या ऐवजी पुढे त्या फुगवट्यात जाऊन बसते.

३. तुमचा त्रास कुठल्या गटातला

बाहेर पडत नाही, या गटातल्या खुणा: खूप कुंथावं लागतं, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं, पंधरा मिनिटांनी परत जावं लागतं, योनीमार्गाची मागची भिंत किंवा योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्या मधली जागा बोटाने दाबली की मगच होतं. हे दाबणं ऐकायला कसंतरी वाटतं पण रेक्टोसीलमध्ये अगदी कॉमन आहे, डॉक्टर लोक त्याला स्प्लिंटिंग म्हणतात आणि त्यांना त्यात नवीन काहीही नसतं. उलट ही एक गोष्ट स्पष्ट सांगितलीत तर त्यांचं अर्धं काम होतं. याच गटात अजून एक प्रकार आहे ज्यात भिंत ठीक असते पण जोर लावताना स्नायू सैल पडायच्या ऐवजी उलटा आवळतो, त्याला डिसिनर्जिया म्हणतात. बाईला वाटतं माझं पोटच कडक, आणि ती जुलाबाच्या गोळ्या वाढवत राहते, आणि पातळ झालेली शीसुद्धा बाहेर पडायला त्रास देते.

आत थांबत नाही, या गटातल्या खुणा: घाई झाली की बाथरूमपर्यंत पोचायच्या आत होतं, गॅस अडवता येत नाही, किंवा काही कळतच नाही आणि नंतर कपड्याला लागलेलं दिसतं. यातलं कुठलं हे नीट सांगा. घाई होऊन निसटणं बहुतेक बाहेरच्या कडीचं काम असतं, न कळता लागणं बहुतेक आतल्या कडीचं.

आता मुख्य सापळा. कधीकधी गुदाशयात कडक गोळा साचून बसतो आणि त्याच्या बाजूने पातळ पाणी गळत राहतं. बाईला वाटतं जुलाब झाले, ती जुलाब थांबवायची गोळी घेते आणि गोळा अजून घट्ट होतो. अनेक दिवस नीट शी झाली नाहीये, पोट जड आहे आणि त्यात पातळ गळतंय, असं असेल तर आधी तपासून घ्या, गोळी नको. तसंच फुगवट्यात राहिलेली शी उठल्यावर हळूहळू बाहेर येते, तीही गळतीच वाटते पण मूळ त्रास न रिकामं होण्याचा असतो. म्हणजे दिसतं दुसऱ्या गटातलं, असतं पहिल्या गटातलं.

४. दोन आठवडे वही ठेवा

साधी वही किंवा मोबाईलमधली नोट चालेल. रोज हे लिहायचं: किती वेळा, कशी, किती वेळ बसलात, दाबावं लागलं का, राहिल्यासारखं वाटलं का, गळलं का आणि गळलं तेव्हा काय करत होतात. "कशी" यासाठी ब्रिस्टल चार्ट वापरा, त्यात १ ते ७ प्रकार असतात, १ म्हणजे सुटे कडक खडे आणि ७ म्हणजे नुसतं पाणी. ३ आणि ४ ला आपण चांगलं म्हणतो. डॉक्टरांना "टाइप १, तीन दिवसांनी" असं सांगितलं की त्यांना लगेच कळतं, "पोट बरोबर नाही" यातून काहीच कळत नाही.

रोज झालीच पाहिजे हा हट्ट सोडा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यात कुठेही असलात आणि त्रास नसेल तर ते नॉर्मलच आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्या गोळ्यांची नावं लिहा, आणि सगळ्या म्हणजे सगळ्या. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, कोडीनसारख्या दुखण्याच्या गोळ्या, काही डिप्रेशनच्या गोळ्या पोट बांधतात. मेटफॉर्मिन, मॅग्नेशियमवाली अँटासिड्स, शुगरफ्री च्युइंगममधलं सॉर्बिटॉल पातळ करतात. आणि आपल्यासारख्यांच्या बाबतीत हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे लघवीच्या घाईसाठी दिलेल्या ऑक्सिब्युटिनिन, सॉलिफेनासिन वगैरे गोळ्या, त्यांनी बद्धकोष्ठ होतं, भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाबतो आणि लघवीचा त्रास परत वाढतो. दोन वेगळे डॉक्टर असले की हे दोघांच्याही लक्षात येत नाही. गोळी स्वतः बंद करू नका पण विचारा नक्की.

५. कुणाकडे जायचं आणि सोबत काय न्यायचं

सुरुवात गायनॅककडे किंवा फॅमिली डॉक्टरकडे केली तरी चालेल, पण पुढे युरोगायनॅक (बायकांच्या लघवीच्या आणि अंग खाली येण्याच्या त्रासाचे डॉक्टर), कोलोरेक्टल सर्जन (मोठं आतडं आणि गुदद्वाराचे सर्जन) किंवा गॅस्ट्रो (पोटाचे डॉक्टर) यांच्यापैकी कुणीतरी लागतं, आणि पेल्विक फ्लोअरचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट तर लागतेच. गडबड अशी होते की प्रत्येकजण आपापला भाग बघतो. अंग खाली आलंय ते एकाने बघितलं, मूळव्याध दुसऱ्याने बघितली, आणि दोन्हीचं मूळ कुंथण्यात आहे हे मधल्यामधे राहून गेलं. म्हणून फाइल एकच ठेवा आणि प्रत्येकाला सगळी दाखवा.

फाइलमध्ये काय हवं:

- वही आणि गोळ्यांची यादी
- बाळंतपणांची माहिती: किती, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला होता का, टाके किती खोल होते. डिस्चार्ज पेपरवर थर्ड डिग्री किंवा फोर्थ डिग्री टेअर लिहिलंय का ते बघा, याचा अर्थ फाटणं गुदद्वाराच्या कडीपर्यंत गेलं होतं
- गर्भाशय काढलंय का, खाली आधी काही ऑपरेशन, मूळव्याधीचंसुद्धा
- थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट
- कोलोनोस्कोपी झाली असेल तर तिचा रिपोर्ट

बोलताना तोंडातून शब्द फुटत नसतील तर कागदावर लिहून तो कागदच पुढे सरकवा, मी तेच केलं. "बोटाने दाबावं लागतं" आणि "कपड्याला लागतं" ही दोन वाक्यं मात्र त्यात हवीतच.

तपासताना बोट घालून बघतील. ते न बघताच कुणी नुसती पावडर लिहून दिली तर स्वतःहून विचारा, कारण आवळायला आणि जोर लावायला सांगून अनुभवी डॉक्टरला तिथल्या तिथे बरंच कळतं. सोबत नर्स किंवा घरचं कुणी हवं असेल तर तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

६. तपासण्या, आणि त्यात काय होतं

सगळ्यांना सगळ्या लागत नाहीत. आणि कोलोनोस्कोपी नॉर्मल आली म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही असं अजिबात नाही, तिच्यात आतड्याचं अस्तर दिसतं, स्नायू काम कसे करतात ते दिसत नाही.

मॅनोमेट्री: बारीक नळी गुदद्वारातून आत ठेवून आवळा, सोडा, जोर लावा असं सांगतात आणि दाब मोजतात. दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं. त्यातच छोटा फुगा फुगवून कधी जाणवतं ते विचारतात.

बलून टेस्ट: गुदाशयात ठेवलेला, साधारण ५० मिली पाणी भरलेला छोटा फुगा एकटीने बसून बाहेर काढायचा. बहुतेक ठिकाणी एक-दोन मिनिटांत निघाला तर ठीक धरतात. एवढी साधी टेस्ट पण डिसिनर्जिया पकडायला फार कामाची.

डिफेकोग्राफी: हिचं टेन्शन सगळ्यांना येतं. गुदाशयात घट्ट पेस्ट किंवा जेल भरतात आणि ती बाहेर काढताना एक्स-रे किंवा एमआरआयने शूट करतात. हो, लाज वाटते. पण रेक्टोसील किती, त्यात किती अडकतं, आतल्या आत गुदाशय घडी पडून खाली सरकतो का, हे यातच दिसतं. एमआरआयमध्ये बहुतेक ठिकाणी आडवं झोपूनच करावं लागतं, त्यामुळे बसून केलेल्या एक्स-रेपेक्षा थोडं कमी दिसू शकतं. प्रेग्नन्सीची शक्यता असेल तर एक्स-रेच्या आधी सांगा.

एंडोएनल सोनोग्राफी: गुदद्वारातून केलेली सोनोग्राफी, कडी कुठे तुटलीय ते दाखवते, गळतीवाल्यांसाठी महत्त्वाची.

ट्रान्झिट स्टडी: छोट्या खुणा असलेली कॅप्सूल गिळायची आणि काही दिवसांनी, बरेचदा पाचव्या दिवशी, एक्स-रे. आतडंच हळू चालतंय का ते कळतं. मधल्या दिवसांत जुलाबाचं औषध घ्यायचं की नाही ते आधीच विचारून ठेवा.

रिपोर्टमध्ये रेक्टोसील दिसलं म्हणून घाबरू नका. छोटं रेक्टोसील असंख्य बायकांना असतं आणि काहीही त्रास नसतो. साईज आणि त्रास यांचा मेळ बसेलच असं नाही.

७. शी मऊ पण बांधलेली हवी

दोन्ही गटांत हे पहिलं काम. कडक शी ढकलवत नाही आणि पातळ शी अडवता येत नाही.

दिवसाला २५ ते ३० ग्रॅम फायबर हे टार्गेट ठीक आहे पण तिथे हळूहळू पोचा, एकदम वाढवलं तर पोट नुसतं फुगतं. इसबगोल दोन्हीकडे चालतं, कडक असेल तर भरपूर पाण्यासोबत मऊ करतं, पातळ असेल तर बांधतं. कोरडं कधीही गिळायचं नाही, घशात अडकतं. आणि ज्यांचं आतडंच मंद आहे किंवा स्नायू उलटा आवळतो त्यांना जास्तीच्या फायबरने फुगणं वाढू शकतं, तेव्हा "अजून फायबर घे" हे ऐकत राहू नका, डॉक्टरांना सांगा. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोज आतड्यात पाणी ओढून मऊ करतात. ज्यांचं शेवटच्या टप्प्यावर अडतं त्यांना वरून औषध वाढवण्यापेक्षा खालून ग्लिसरिनची सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी) जास्त उपयोगी पडू शकते, हा मुद्दा डॉक्टरांकडे स्वतःहून काढा.

८. बसायची पद्धत

फुकट उपाय आहे आणि खरंच फरक पडतो.

खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, त्यामुळे सकाळच्या खाण्यानंतर अर्ध्या तासात जा, कळ आली असेल तर टाळू नका. कमोडवर असाल तर पायाखाली छोटं स्टूल, गुडघे कमरेपेक्षा वर, पुढे वाकून कोपर मांडीवर. उकिडवं बसून होणारा कोन जवळपास मिळतो. गुडघे दुखत नसतील तर उकिडवं बसणंही छान.

मग पोट सैल सोडा, कंबर रुंद होतेय असं बघा, आणि तोंड उघडं ठेवून हळू श्वास सोडत खाली ढकला. श्वास रोखून, दात आवळून, चेहरा लाल होईपर्यंत कुंथायचं नाही, त्याने खालचा थर अजून खाली जातो. "मूऽऽ" असा लांब आवाज काढला की स्नायू सैल पडायला मदत होते, फिजिओ हे खरंच शिकवतात, हसू आलं तरी चालेल. रेक्टोसील असेल तर स्वच्छ हाताने मधली जागा किंवा योनीमार्गाची मागची भिंत दाबायला हरकत नाही, नखं कापलेली ठेवा. दहा मिनिटांत नाही झालं तर उठा. मोबाईल बाहेर.

९. फिजिओथेरपी

इथे पहिला प्रश्न हाच विचारायचा की माझे स्नायू ढिले आहेत की आवळलेले. आवळलेल्या स्नायूवर कीगल केले तर शी अजून अडते आणि दुखणंही वाढू शकतं.

आवळलेले असतील तर बायोफीडबॅक. सेन्सर लावून स्क्रीनवर दिसतं की तुम्ही जोर लावताना सोडताय की आवळताय, आणि बघून बघून ते सुधारतं. साधारण चार-सहा सेशन्स लागतात, डिसिनर्जियासाठी नुसत्या जुलाबाच्या औषधांपेक्षा हे चांगलं काम करतं.

ढिले असतील तर आवळायचे व्यायाम: गॅस अडवतो तसं मागून आवळून वर ओढायचं, जमेल तितके सेकंद, हळूहळू दहापर्यंत, मग पूर्ण सोडायचं. मांड्या, कुल्ले, पोट आवळायचं नाही आणि श्वास चालू हवा. सोबत झटपट आवळ-सोडसुद्धा. दिवसातून तीन वेळा, आणि निदान तीन महिने करा, दोन आठवड्यांत काही कळत नाही म्हणून सोडणाऱ्याच जास्त. एकदा तरी तपासून घ्या, कारण वरच्या ऐवजी खाली ढकलणाऱ्या बायका पुष्कळ असतात आणि त्यांना स्वतःला ते कळत नाही.

१०. गळतीसोबत रोजचे दिवस काढताना

कळ आली की पळू नका, धावण्याने पोटाचा दाब वाढतो. जागच्या जागी थांबा किंवा बसा, आवळा, हळू श्वास घ्या, कळेची लाट ओसरू द्या, मग चालत जा.

कातडीची काळजी आधीपासून घ्या, सोलवटल्यावर नाही. साबण आणि सुगंधी वाइप्स नकोत, कोमट पाणी, मऊ कापडाने टिपून कोरडं, वर झिंक ऑक्साइडचं क्रीम. पाळीचे पॅड यासाठी बनवलेले नसतात, ओल कातडीला लागून राहते, त्यासाठीचे वेगळे पॅड घ्या. बाहेर जाताना एका छोट्या पाऊचमध्ये पॅड, एक जोडी कपडे, बंद होणारी पिशवी आणि क्रीम. कॉफी, दारू, खूप तिखट, शुगरफ्री गोष्टी यातलं काय बाधतं ते वहीत दिसेलच, एकावेळी एकच बंद करून बघा. लोपेरामाइड ही जुलाब थांबवायची गोळी पातळ शीच्या गळतीत चांगलं काम करतं पण पायरी ३ मधला साचलेला गोळा नाही ना हे आधी बघून घ्या.

११. ऑपरेशनचं बोलणं निघालं तर

पेसरी नावाची रिंग योनीमार्गात बसवून काही जणींचं ऑपरेशन टळतं किंवा लांबतं. शी बाहेर पडायलाही तिने कधी मदत होते, पण मोठी पेसरी गुदाशयावर दाबून उलटाही त्रास देऊ शकते, तसं झालं तर साईज बदलून बघतात.

रेक्टोसीलच्या ऑपरेशनआधी डिसिनर्जिया आहे का हे तपासलं गेलंय ना ते विचारा. असेल तर आधी बायोफीडबॅक, कारण भिंत शिवली आणि कुंथणं तसंच राहिलं तर काही वर्षांत परत तेच. विचारायचे बाकी प्रश्न: फुगवटा जाईल हे कळलं, पण माझं पोट साफ होईल का? संबंधांच्या वेळी दुखायची शक्यता किती? जाळी वापरणार का, कुठली आणि कुठून बसवणार? अंग खाली येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेत २०१९ मध्ये थांबवायला लावली होती, पोटातून केलेल्या रेक्टोपेक्सीची (खाली सरकलेला गुदाशय वर ओढून बांधायच्या ऑपरेशनची) जाळी हा वेगळा विषय आहे, दोन्हीची सरमिसळ करू नका.

गळतीसाठी तुटलेली कडी शिवता येते, सुरुवातीला बऱ्याच जणींना बरं वाटतं पण वर्षं जातात तसा फायदा कमी होत जातो, हे आधी माहीत असलेलं बरं. माकडहाडाजवळच्या नसांना बारीक करंट देणारं यंत्रही बसवतात, त्यात चांगली गोष्ट अशी की आधी तात्पुरती वायर लावून काही दिवस बघता येतं, फायदा दिसला तरच कायमचं बसवतात. तेव्हाही वही लागते, आधीची आणि नंतरची गळती मोजल्याशिवाय ठरवणार कसं.

पुढे मूल हवं असेल आणि आधी थर्ड किंवा फोर्थ डिग्री टेअर झाला असेल तर डिलिव्हरी कशी करायची हे प्रेग्नन्सीतच, शेवटच्या महिन्याची वाट न बघता बोलून ठेवा. आणि ऑपरेशन कुठलंही असो, घरी यायच्या आधी शी मऊ ठेवायचं औषध कुठलं, किती दिवस, आणि किती दिवस झाली नाही तर फोन करायचा हे कागदावर लिहून घ्या, टाके ओले असताना कुंथायची वेळ येऊ द्यायची नाही.